अठरावा सूर

जीभ नेहमीच्या जागी गेली आणि तिथे जागाच नव्हती. ऑर्लिन हाउगेन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सकाळच्या कॉफीचा पहिला घोट घेत होता. समोर त्याची बायको जॉइस पेपरातलं मृत्यूच्या बातम्यांचं पान वाचत होती, कारण तिच्या मते ह्या वयात डुलुथ शहरातली निम्मी ओळखीची माणसं तिथेच भेटतात. जीभ पुन्हा गेली. त्याच्या वरच्या दोन पुढच्या दातांमध्ये एक फट होती, आगकाडी जेमतेम सरकेल एवढी. दुधाचे दात पडून पक्के आले तेव्हापासूनची, म्हणजे पासष्ट-सहासष्ट वर्षांची. ती आहे की नाही हे त्याने कधी तपासलं नव्हतं, जसं आपलं कोपर जागेवर आहे का हे कोणी तपासत नाही. आता तिथे काहीतरी गुळगुळीत, थंड, परकं होतं. काल डॉक्टर ब्रँटबाईंनी डाव्या दातावर नवी कॅप बसवली होती आणि ती त्या फटीत शिरून शेजारच्या दाताला टेकली होती. काल हे कळलं नव्हतं असं नाही. काल कळलं होतं, आणि खरी गोम तिथेच होती.

"काय झालं?" जॉइसने पेपर खाली न करता विचारलं.

"कुठे काय."

"मग तोंडात काय घोळवतोयस मघापासून? दुखतोय का दात?"

"नाही नाही. छान बसलाय."

छान बसलाय. कालपासून हे वाक्य त्याने तिसऱ्यांदा म्हटलं होतं. पहिल्यांदा ब्रँटबाईंना, मग काउंटरवरच्या मुलीला, आता बायकोला. हाउगेनांच्या घरात असं बोलण्याची रीतच होती. कोणी विचारलं कसं आहे, तर बरं आहे म्हणायचं. पाय मोडून प्लास्टरमध्ये असला तरी याहून वाईट झालं असतं म्हणायचं. लहानपणी शाळेतल्या बाईंनी त्याला गाण्याच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत उभं केलं होतं, तर आईने घरी आल्यावर शांतपणे सांगितलं होतं, "मागच्या रांगेत जा बाबा उद्यापासून. पुढे उभं राहायला आपण कोण लागून गेलो?" आई चिडली नव्हती. बटाटे सोलत सोलतच म्हणाली होती. तो दुसऱ्या दिवशी मागच्या रांगेत गेला, आणि तसं पाहिलं तर तिथून पुन्हा पुढे आलाच नाही. बंदरावरच्या धान्याच्या कोठारात एकतीस वर्षं मशिनी दुरुस्त केल्या, फोरमन व्हायची वेळ आली तेव्हा दुसऱ्याचं नाव सुचवलं. त्याला त्याचं दुःखही नव्हतं. फक्त आता, ह्या क्षणी, कॉफी गार होत असताना, त्या बटाट्यांच्या सालींचा वास त्याला आला आणि आईचा राग आला. वीस वर्षांपूर्वी गेलेल्या बाईचा राग आला म्हणून मग स्वतःची लाजही वाटली.

दात मोडला तो फेब्रुवारीत, बर्फावर. समुद्राएवढ्या तळ्यावरच्या बंदराचं पाणी गोठलं होतं आणि त्याच्या मित्राला, रेनो माकेलाला, काही झालं तरी एकदा मासे धरायला बसायचं होतं. रेनोच्या फुप्फुसात ज्याने घर केलं होतं त्याच्यापुढे आता डॉक्टरांनीही हात टेकले होते. वसंत दिसेल, उन्हाळ्याचं सांगता येत नाही, असं त्यांनी त्याच्या बायकोला, हेल्मीला, सांगितलं होतं, आणि हेल्मीने सगळ्यांना. ऑर्लिनने त्याला प्राणवायूच्या टाकीसकट घसरगाडीवर घालून ओढत बर्फावरच्या त्याच्या खोपटापर्यंत नेलं, आत शेगडी पेटवली, बर्फाला भोक पाडलं. रेनोची बोटं चालत नव्हती, म्हणून गळाच्या दोरीवर शिशाची गोळी बसवायला ऑर्लिनने घेतली. ती गोळी चिमट्याने दाबायची असते. ह्या शहरातला प्रत्येक दंतवैद्य वर्षानुवर्षं सांगत आलाय की शिसं दाताने दाबू नका, आणि ह्या शहरातला प्रत्येक माणूस खुर्चीत बसून मान डोलावत आलाय आणि शनिवारी बर्फावर जाऊन दातानेच दाबत आलाय, कारण हातमोजे काढून चिमटा शोधेपर्यंत बोटं गोठतात. ऑर्लिनने हजारदा केलं होतं. ह्या वेळी टक् असा आवाज झाला, आणि जिभेवर खडा आला.

"काय रे, मासा लागला की दात गेला?" रेनोने विचारलं.

"दात."

"मग तोच लाव गळाला. तुझ्या दाताला तरी येईल एखादा."

दोघं हसले. हसताना रेनोला ढास लागली आणि ती बराच वेळ थांबली नाही. ऑर्लिन त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला. जाड कोटाच्या आत पाठ केवढीशी उरली होती ते हाताला कळत होतं. खोकला थांबल्यावर रेनो भोकातल्या काळ्या पाण्याकडे बघत म्हणाला, "मला पुरतील तेव्हा बिगुल तू वाजवायचास. ते बटण दाबून वाजणारं नको. ऐकतोयस ना? चुकलास तरी चालेल, पण तू वाजव."

"हो, नक्की," ऑर्लिन म्हणाला. ह्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

कारण तेवढंच एक तर तो करत आला होता. बावीस वर्षांपूर्वी रेनोच्या थोरल्या भावाला पुरलं तेव्हा लष्कराची शेवटची मानवंदना द्यायला बिगुल वाजवणारा कोणी मिळाला नव्हता. माजी सैनिकांच्या पथकातल्या लोकांनी शेजारच्या थडग्यावर टेपरेकॉर्डर ठेवला होता. थंडीने बॅटऱ्या मेल्या आणि ती चोवीस सुरांची धून मध्येच रेंगाळत, बुडत, गाईच्या हंबरण्यासारखी होत बंद पडली. रेनो, तेव्हा आडदांड, खनिजाची मालगाडी चालवणारा रेनो, सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. नंतर चर्चच्या तळघरात कॉफी पिताना, कसं कोण जाणे, ऑर्लिनच्या तोंडून निघून गेलं की मी पूर्वी सैन्यात असताना थोडंफार वाजवायचो. आयुष्यात स्वतःबद्दल आपण होऊन सांगितलेली ही बहुधा एकुलती एक गोष्ट. रेनोने ती पकडून ठेवली. दुसऱ्याच आठवड्यात तो बिगुल घेऊन दारात उभा होता. तेव्हापासून दोघंही मानवंदना पथकात. रेनो बंदुकीच्या फैरींच्या रांगेत, ऑर्लिन बाजूला, झाडाखाली, लोकांपासून जरा दूर. बिगुलवाल्याने दूरच उभं राहायचं असतं आणि ते ऑर्लिनला फार मानवायचं. सगळ्यांची पाठ त्याच्याकडे असे. कोणी बघत नसे. आणि तिथे, उणे वीस अंशांतसुद्धा, ओठाशी धरायचा माउथपीस कोटाच्या आत काखेत ऊब देऊन ठेवलेला, तो श्वास घ्यायचा आणि सूर बाहेर पडायचे. ते चढत चढत जातात आणि अठरावा सर्वांत वरचा. तो आला की मग उतरण, मग शांतता. अठरावा सूर दरवेळी यायचाच असं नाही. कधी फाटायचा, कधी नुसता थरथरायचा. पण यायचा. तो यायच्या क्षणी ऑर्लिन हाउगेन कुणाच्या मागच्या रांगेत नसायचा. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, जॉइसलाही नाही; इतकं की स्वतःलाही ते ह्या शब्दांत पहिल्यांदा आज, टेबलाशी बसून, जीभ त्या भरलेल्या फटीवर दाबत सांगत होता.

आणि तरीही त्या फॉर्मवर त्याने 'नाही' म्हटलं होतं. ब्रँटबाईंच्या दवाखान्यात पहिल्या दिवशी चार पानी फॉर्म भरायला दिला होता. रक्त पातळ करण्याची गोळी घेता का. पेनिसिलिन चालतं का. झोपेत दात खाता का. आणि तिसऱ्या पानावर, मधोमध, स्वच्छ छापलेला प्रश्न: तोंडाने फुंकून वाजवायचं वाद्य वाजवता का. पेन थांबलं होतं, हे त्याला आठवत होतं. डोळ्यांसमोर शहरातल्या वाद्यवृंदातली ती मंडळी आली, काळे कोट, मांडीवर चकचकीत वाद्यं, समोर कागद. वाजवणं म्हणजे ते. आपलं काय, तर एक बिनकळांचा पितळी बिगुल आणि त्यावर चोवीस सूर, तेही स्मशानात. त्याला वाजवतो म्हणायचं म्हणजे फुशारकीच. बाई विचारतील कुठे वाजवता, मग सांगावं लागेल, मग त्या अरे वा म्हणतील, आणि आपल्याला तोंड कुठे लपवावं असं होईल. त्याने 'नाही'वर खूण केली आणि पान उलटलं. खूण करताना, हेही त्याला आठवत होतं, मनाला बरं वाटलं होतं. आईला आवडलं असतं असं काहीतरी केल्यासारखं.

बाईंनी तरी काय कमी सांगितलं होतं? तरुण होत्या, त्याच्या मुलीच्या वयाच्याही नसतील, पण नीट समोर स्टूल ओढून बसल्या होत्या आणि सरळ भाषेत बोलल्या होत्या. "हे बघा मिस्टर हाउगेन, कॅप घालायची म्हणजे आधी तुमचा दात चहूबाजूंनी तासून त्याचा खुंट करावा लागतो. तासलेलं परत येत नाही. मग माप घ्यायचं, तात्पुरती कॅप लावायची, तिच्यावर दोन आठवडे काढायचे, चिकट काही खायचं नाही. मग लॅबमधून चिनीमातीची येते, ती कायमची. काही विचारायचं असेल तर आत्ता विचारा, कारण नंतर तुमच्या तोंडात माझे हात असतील."

"नाही हो, तुम्हीच जाणता सगळं."

"ही मधली फट आहे ती तशीच ठेवू, का थोडी भरून काढू? भरली तर दोन्ही दात सारखे दिसतील."

"तुम्हाला योग्य वाटेल तसं."

"नाही, दात तुमचा आहे. तुम्ही सांगा."

"तुम्हाला योग्य वाटेल तसंच करा," तो पुन्हा म्हणाला होता, जरा हसून, ओठ मिटून. मग निरनिराळ्या छटांच्या नमुन्याच्या दातांचा तो पंखा ओठाशी धरला, त्यातही त्याने बाईंनी दाखवला तो रंग निवडला. मग सुई. मग तासण्याचा तो आवाज, जो कानातून येत नाही, कवटीच्या आतून येतो. नाकात जळक्या हाडाचा वास. डोळे छताकडे, छतावर कोणीतरी बर्च झाडांचं चित्र चिकटवलं होतं आणि एका कोपऱ्याचा गोंद सुटला होता. बाईंनी मध्ये आरशात खुंट दाखवला. पिवळट, बारका, लहान मुलाच्या दातासारखा. आपल्याच हिरडीतून काहीतरी अजून न जन्मलेलं वर आल्यासारखं वाटून त्याने डोळे मिटून घेतले होते. तात्पुरती कॅप असताना दोन आठवडे बिगुलाला हात लावला नाही. धक्का लागून ती निघाली तर काय घ्या, बाईंना उगाच त्रास. एकदा फुंकून बघितलं असतं तर. पण बघितलं नाही.

आणि काल. कॅप सिमेंटशिवाय नुसती बसवून बाईंनी त्याच्या हातात आरसा दिला होता. "आता घाई करू नका. जीभ फिरवा. चावून बघा. काही वेगळं वाटलं तर हीच वेळ आहे. मी परत लॅबला पाठवीन, काही बिघडत नाही. पण एकदा सिमेंट लावलं की ही निघत नाही. काढायची तर कापून काढावी लागते." जीभ फिरली होती. जिभेला कळलं होतं. पण सहायक मुलगी सिमेंटची वाटी घेऊन तयार उभी होती. बाहेर कोणाचं तरी लहान मूल रडत होतं. बारा वाजायला आले होते, ह्यांच्या जेवणाची वेळ. आणि खरं सांगायचं तर, आरशात जो माणूस दिसला तो ऑर्लिनला क्षणभर आवडला होता. सत्तरी उलटल्यावर, पहिल्यांदाच, दात दाखवून हसावं असा. ते आवडणं आता त्याला सर्वांत जास्त डाचत होतं. "छान बसलाय," तो म्हणाला. निळा कागद दाताखाली धरून टक टक चावायला लावलं, एका ठिकाणी जरासं घासलं, मग ती वाटी, मग बोटाचा दाब, दिव्याचा निळा उजेड, आणि झालं.

कॉफी तशीच टाकून तो तळघरात उतरला. रंगाचे डबे, जुने खिळे, बर्फ ओढायचं फावडं, आणि खिळ्याला टांगलेला बिगुल. त्याने माउथपीस ओठाला लावला तेव्हाच ओठाने सांगितलं. आधार जिथे असायचा तिथून अर्धा केस पुढे होता. पहिले दोन सूर आले, जाड, शेंबडे. तिसरा आला. बारावा-तेरावा करत वर गेला आणि अठराव्याला नुसती हवा निघाली. फुस्. त्याने पुन्हा केलं. फुस्. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की तो सूर छातीतून येतो, किंवा मनातून, किंवा देव देतो. येत होता तो त्या फटीतून. आगकाडीएवढ्या वाटेने हवा बारीक होऊन ओठावर पडत होती. ती वाट बुजली आणि सूर गेला, इतकं साधं. चौदाव्यांदा की पंधराव्यांदा ओठाची आतली कातडी सोलली आणि रक्ताची चव आली, तरी तो थांबेना. वरून जॉइसने जिन्यात येऊन बघितलं आणि ती तिसऱ्या पायरीवर बसली.

"हे कॅपमुळे?" तिने शेवटी विचारलं.

त्याने मान डोलावली.

"त्यांना सांगितलं होतंस, तू वाजवतोस म्हणून?"

तो माउथपीस पुसत राहिला.

"ऑर्लिन. सांगितलं होतंस ना?"

"मी काय असा मोठा वाजवणारा लागून गेलोय."

जॉइसने डोक्याला हात लावला. "अरे देवा. तुझी आई गेली, पण तुझ्यातून गेली नाही बघ." मग ती उठली आणि स्वतःच दवाखान्यात फोन केला, कारण त्याने केला नसता.

ब्रँटबाईंनी त्याच दिवशी बोलावलं. त्याचा फॉर्म काढून बघितला, त्या खुणेवर त्यांचं बोट थोडा वेळ राहिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बारीक चकतीने फटीच्या बाजूने घासलं, अगदी हलक्या हाताने, मग थांबल्या. "ह्याहून जास्त घासलं तर चिनीमाती पातळ होऊन फुटेल. नवी करू शकते मी. ही कापायची, पुन्हा माप, पुन्हा तात्पुरती. पण मला जुना आकार लागेल मिस्टर हाउगेन. तुम्ही आलात तेव्हा दाताचा कोपरा आधीच गेलेला होता. जुना एखादा फोटो आहे का, हसतानाचा? काही वाजवणारी मंडळी तर दात धड असतानाच त्याचं माप करून ठेवतात, अशा वेळेसाठी." तो ते ऐकत होता आणि मनात येत होतं की अशीही माणसं असतात, जी आपल्या दाताला ठेव म्हणून जपतात. त्याने विचारलं, किती दिवस. तीन आठवडे, त्या म्हणाल्या, आणि मग ओठाला सवय व्हायला किती लागतील ते मी नाही सांगू शकत.

त्या संध्याकाळी जॉइसने पन्नास वर्षांचे अल्बम टेबलावर मांडले. लग्नात ओठ मिटलेले. मुलीच्या बाप्तिस्म्याला ओठ मिटलेले. हातात भलामोठा वॉलाय मासा धरून उभा, तेव्हाही ओठ मिटलेले, जणू मासा त्याचा नव्हताच. "एकदाही कसा रे हसला नाहीस?" ती म्हणाली, आणि पुढे म्हणाली, "हसायचास तू. मी बघितलंय. फक्त कॅमेरा आला की मिटायचास." ती पानं उलटत राहिली, आणि तो तिच्या हातांकडे बघत बसला. त्याला कशाने तरी वाचवावं असं ती करत होती आणि ते होणार नाही हे दोघांनाही कळत होतं. फोटो मिळाला नाही, आणि नव्या कॅपचं तसंच राहून गेलं.

रेनोला आता तळ्याकाठच्या त्या इमारतीत हलवलं होतं जिथून परत घरी कोणी येत नाही. खिडकीतून तळं दिसायचं. बर्फ फुटून मोठमोठ्या पाट्या किनाऱ्याला लागल्या होत्या आणि लांब पहिलं मालवाहू जहाज आत येत होतं. ऑर्लिन सांगायचं ठरवूनच गेला होता. गाडीत दोनदा म्हणूनही बघितलं होतं, रेनो, एक गडबड झालीय. रेनो उशीवर एवढासा झाला होता, डोळे मात्र तेच.

"दाखव दाखव," तो म्हणाला. "जॉइस सांगत होती हेल्मीला. दाखव ना लेका, लाजतोस काय."

ऑर्लिनने ओठ वर केला.

"अरे वा! नवरदेव दिसतोस. आता हेल्मीला तुझ्यापासून जपायला हवं." हेल्मी खिडकीशी विणत बसली होती, ती हसली. रेनोने श्वास गोळा केला. "मग? वाजतंय ना?"

हीच वेळ होती. काही वेगळं वाटलं तर हीच वेळ आहे. प्राणवायूचं यंत्र बुडबुडत होतं. रेनोचा हात चादरीवर उताणा पडला होता, आणि त्या हाताने कुठल्याही उत्तराचं ओझं उचललं असतं, हे ऑर्लिनला नंतर कळलं. रेनो हसला असता, चार शिव्या दिल्या असत्या, म्हणाला असता मग नुसती शिट्टी घाल. पण नंतर कळून काय उपयोग. त्या वेळी ऑर्लिनच्या घशाशी शब्द आला, आणि नेहमीच्या वाटेने वळून दुसराच बाहेर पडला.

"हो. मस्त वाजतंय."

रेनोने डोळे मिटले. "मग झालं तर," तो म्हणाला. चौथ्या दिवशी, मंगळवारी पहाटे, तो गेला.

पथकाचा प्रमुख गॅरी त्या दिवशी संध्याकाळी घरी आला. त्याला जॉइसने सांगितलं होतं. गॅरी चांगला माणूस. बूट दारात काढून, मोज्यांवर स्वयंपाकघरात आला आणि टेबलावर एक काळं नळकांडं ठेवलं. ते बिगुलाच्या भोंग्यात आत सरकवायचं, बटण दाबायचं, बिगुल ओठाला लावायचा. पाच सेकंदांनी आतून धून वाजते, एका निष्णात बिगुलवाल्याने वाजवून ठेवलेली. लांबून बघणाऱ्याला तूच वाजवतोयस असं वाटतं. आता बहुतेक ठिकाणी हेच असतं, वाजवणारे उरलेत कुठे, आणि ह्यात कमीपणा काही नाही. "तू मनाला लावून घेऊ नकोस," गॅरी म्हणाला. "कोणाला कळत नाही. खरंच नाही कळत." ऑर्लिनला ह्याचीच तर भीती होती. तो म्हणाला, "मी स्वतः वाजवीन." गॅरीने जॉइसकडे बघितलं. "ठीक आहे. पण आत असू दे. पडून राहील."

शनिवारी वारा तळ्यावरून सरळ अंगावर येत होता. ऑर्लिन स्प्रूसच्या झाडाखाली उभा होता, माउथपीस काखेत. तीन आठवडे रोज तळघरात घालवले होते आणि अठरावा सूर एकदाही आला नव्हता. एकदा फक्त, बुधवारी, काहीतरी आल्यासारखं वाटलं होतं, उंदराच्या 'ची'इतकं. त्या एका 'ची'वर त्याने सगळं टांगलं होतं. चुकलास तरी चालेल, असं रेनो म्हणालाच होता. चुकू. फुस् तर फुस्. रेनोला कळेल. पण मग फैरी झडल्या, एक, दोन, तीन, कावळे उडाले, आणि हेल्मीने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. कोणी बघत नसतं बिगुलवाल्याकडे. तिने बघितलं. तिच्या चेहऱ्यावर पुरता भरवसा होता. तिला तो हवेचा आवाज ऐकवायचा, नवऱ्याच्या पेटीवर, आणि बावीस वर्षांपूर्वीसारखं सगळ्यांसमोर पुन्हा एकदा ते बुडणं. त्याने माउथपीस बसवला, बिगुल उचलला. ओठ कातडी निघून हुळहुळे झाले होते. अंगठा आपोआप भोंग्याकडे गेला. आपण काय करतोय हे त्याला स्वच्छ दिसत होतं, आणि थांबवता येत नव्हतं, जसं खुर्चीत तोंड उघडं असताना काहीच थांबवता येत नाही. त्याने बटण दाबलं.

पाच सेकंद. मग धून सुरू झाली, निर्मळ, कुठेही न अडखळता. त्याने गाल फुगवले. श्वास घेण्याच्या जागी श्वास घेतला, तेवढा मात्र खरा होता. अठरावा सूर आला आणि वर, झाडांच्याही वर जाऊन उभा राहिला, थरथरला नाही, फाटला नाही. असा सूर ऑर्लिनला आयुष्यात लागला नव्हता आणि त्याला तो ऐकू येत होता अगदी ओठांपासून हातभर अंतरावर, जिथे त्याचं काहीच चाललेलं नव्हतं. गर्दीत जॉइस स्वतःच्या बुटांकडे बघत होती. गॅरी ताठ, हात कपाळाशी. धून संपली तरी ऑर्लिनने बिगुल खाली घेतला नाही. घ्यायचा असतो हे विसरल्यासारखा उभा राहिला.

मग पेटीवरच्या निशाणाची घडी करून हेल्मीच्या मांडीवर ठेवली, पाद्र्याने शेवटचे शब्द म्हटले, लोक गाड्यांकडे निघाले. तो तिथेच थांबला होता, जाता आलं असतं तर गेला असता. हेल्मी गवतावरून, थोडं लंगडत, एकटीच त्याच्यापाशी आली. तिने त्याचे दोन्ही हात धरले. बिगुल त्याच्या बगलेत होता आणि आतलं नळकांडं त्याच्या बरगडीला लागत होतं.

"ऑर्लिन," ती म्हणाली, "बावीस वर्षं ऐकतेय मी तुला. आजच्यासारखं कधीच नव्हतं वाजवलंस. रेनो असता तर म्हणाला असता, बघितलंस, जीव ओतला माझ्या मित्राने."

त्याने तोंड उघडलं.

"मी काही सैन्यात नव्हते, मला तो मान नाही," तिने डोळे पुसले. "पण माझ्या वेळी वाजवशील ना? असंच? तूच हं. रेनोसारखंच माझंही आहे, ते बटण मला नको."

वारा दातावर लागत होता. नव्या दाताला थंडी कळत नाही, शेजारच्या जुन्या दाताला कळत होती. हेल्मी वाट बघत होती, हात धरून, त्याच्या तोंडाकडे बघत, आणि सांगायची हीच वेळ होती हे त्याला पुरतं कळत होतं.

"हो," ऑर्लिन म्हणाला. "नक्की."